पदार्थविज्ञानाचा पदवीधर आणि संगणकाचे काम

पदवी-परीक्षांचे निकाल लागले, की निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर, बेळगाव या टापूतील कित्येक मराठी घरांत एकच प्रश्न निघतो. घरातील मुलगी किंवा मुलगा पदार्थविज्ञान घेऊन बी. एस्सी. झालेला असतो. गुणही बरे पडलेले असतात. महाविद्यालयात असतानाच त्याला संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याची गोडी लागलेली असते. पण पुढे काय, हे कोणालाच नीटसे सांगता येत नाही. वडीलधारी मंडळी बी. एड. करण्याचा सल्ला देतात. शेजारचा कोणी पुण्याच्या किंवा बेंगळूरच्या एखाद्या खाजगी वर्गाची जाहिरात आणून दाखवितो. तिच्यात सहा महिन्यांत नोकरीची हमी असते आणि फीचा आकडा बारीक अक्षरांत असतो. अभियांत्रिकीस न गेल्याची हळहळ तर घरोघर असतेच. तीन वर्षे शिकलेले पदार्थविज्ञान आता बासनात गुंडाळून ठेवावयाचे, की त्याचेच भांडवल करावयाचे, हा या प्रश्नाचा खरा गाभा होय.

हा पेच आजचा नाही. संगणकाच्या बाल्यावस्थेपासूनचा आहे. हॉलंडमधील एड्सगर डाइक्स्ट्रा हा तरुण लायडन विद्यापीठात सैद्धांतिक पदार्थविज्ञान शिकत असतानाच, १९५२ पासून, अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात आज्ञावली लिहू लागला. तीनेक वर्षांत त्याच्या ध्यानात आले, की दोन डगरींवर पाय ठेवून फार काळ चालता येणार नाही. पदार्थविज्ञान हा प्रतिष्ठित विषय. आज्ञावली लिहिणे मात्र धड विषय नव्हता आणि धड धंदाही नव्हता. त्याने आपली अडचण वरिष्ठांस, व्हान वाइनगार्डन यांस, सांगितली. संगणक आता जगात राहावयास आलेले आहेत, या कामास शास्त्राची प्रतिष्ठा कोणी तरी मिळवून द्यावयाची आहे, आणि ती डाइक्स्ट्राने का देऊ नये, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. १९५७ साली त्याचा विवाह झाला. नोंदणीच्या वेळी व्यवसाय म्हणून त्याने ‘आज्ञावलीकार’ असे सांगितले, तेव्हा असा व्यवसायच अस्तित्वात नाही, असे म्हणून नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतले नाही. अखेर दाखल्यावर ‘सैद्धांतिक पदार्थवैज्ञानिक’ अशी नोंद झाली. १९७२ मध्ये ट्यूरिंग पारितोषिक स्वीकारताना केलेल्या व्याख्यानात डाइक्स्ट्राने स्वतःच ही हकीकत सांगितली. दोन गावांमधील सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची त्याची रीत १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली; निपाणीहून बेळगावला जाण्याचा रस्ता आज हातातल्या फोनवर उमटतो, तो त्याच रीतीच्या वंशजांच्या जोरावर.

आपल्याकडेही आरंभ असाच झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली जो संगणक बांधला गेला, त्याचे लहान प्रायोगिक रूप १९५६ मध्ये आणि पूर्ण यंत्र १९६० मध्ये चालू झाले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. हे यंत्र जोडणारे तरुण मुख्यत्वे पदार्थविज्ञानाचे एम. एस्सी. होते. संगणकशास्त्राची पदवी तेव्हा या देशात कोठेच नव्हती, तेव्हा दुसरे कोण असणार? पुढे ज्याने १९८९ मध्ये विश्वव्यापी जाळ्याची कल्पना मांडली, तो टिम बर्नर्स-लीदेखील ऑक्सफर्डचा पदार्थविज्ञानाचा पदवीधर होता, आणि ती कल्पना त्याने मांडली ती जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत.

ही नावे ऐकून सामान्य विद्यार्थ्याचा ऊर दडपण्याचे कारण नाही. पदार्थविज्ञानाची माणसे संगणकाकडे वळली, याचे कारण त्यांची बुद्धी विशेष होती असे नसून त्यांच्यापाशी हाताने न सुटणारी गणिते होती, हे आहे. तशी गणिते सीमाभागातही आहेत. त्यांपैकी एक बेळगावच्या उद्यमबागेत रोज सोडविले जाते.

बेळगावात आणि कोल्हापुरात फौंड्रीचा धंदा जुना आहे. धातूचा तापलेला रस वाळूच्या साच्यात ओतला, की तो बाहेरून आत थिजत जातो आणि थिजताना बहुधा आकसतो. जो भाग सर्वांत शेवटी थिजतो, त्यास भर घालावयास रस उरत नाही आणि तेथे पोकळी राहते. वरून वस्तू निर्दोष दिसते. यंत्रावर कातावयास घेतली की आतले भोक उघडे पडते आणि सारा माल भंगारात जातो. म्हणून साच्यास रायझर नावाची जादा रसाची टाकी जोडावयाची आणि ती वस्तूच्या मागाहून थिजेल अशी योजना करावयाची. मुरलेल्या मिस्त्रीस हे अनुभवाने उमगते. नव्या आकाराची वस्तू आली, की त्यालाही चार वेळा ओतून पाहावे लागते, आणि प्रत्येक वेळी धातू, वीज आणि दिवस खर्ची पडतात.

येथे बी. एस्सी.च्या पुस्तकातील उष्णतावहन कामास येते. १९४० मध्ये ख्व्होरिनोव्ह यांनी एक साधा नियम मांडला: थिजण्यास लागणारा काळ हा घनफळ भागिले पृष्ठफळ या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दहा सेंटिमीटर बाजूचा एक घन घ्यावा. त्याचे घनफळ १,००० घन सेंटिमीटर आणि पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर. तितक्याच धातूची २५ सेंटिमीटर लांब, २० रुंद आणि २ जाड अशी पाटी घ्यावी. तिचे पृष्ठफळ १,१८० चौरस सेंटिमीटर भरते. वजन एकच, परंतु घनास थिजावयास पाटीच्या सुमारे ३.९ पट वेळ लागेल. एवढे गणित कागदावर होते. पण पंपाचे कवच किंवा ट्रॅक्टरच्या गिअरची पेटी यांना ना धड घन म्हणता येते, ना पाटी. तेथे संगणक लागतो.

संगणक काय करतो? तो त्या वस्तूचे मनातल्या मनात बारीक ठोकळे पाडतो. प्रत्येक ठोकळ्याचे तापमान लिहून ठेवतो. पुढच्या क्षणी त्या ठोकळ्याचे तापमान किती होईल, हे त्याच्या सहा बाजूंच्या शेजाऱ्यांच्या तापमानावरून काढतो. शेजारी थंड असेल तर उष्णता तिकडे जाते, उष्ण असेल तर तिकडून येते. सर्व ठोकळ्यांचा हिशेब झाला, की घड्याळ एक पाऊल पुढे सरकवावयाचे आणि तेच काम पुन्हा करावयाचे. यात अवघड असे काही नाही. आहे ती केवळ न कंटाळता करावयाची उजळणी, आणि संगणकास कंटाळा ठाऊक नाही. तथापि एक खोच आहे. वेळेचे पाऊल फार मोठे टाकले, तर या सोप्या रीतीने उत्तरे वेडीवाकडी येऊ लागतात: एक ठोकळा वितळलेल्या धातूहूनही तापतो, तर त्याचा शेजारी बर्फाहून गार पडतो. ठोकळ्याची बाजू निम्मी केली, तर वेळेचे पाऊल चौथाई करावे लागते. ठोकळे आठपट आणि पावले चौपट, म्हणजे काम बत्तीसपट. हे ज्याला समजते, तो नुसता आज्ञावली लिहिणारा राहत नाही. मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये प्रा. बी. रवी यांनी याच विषयात दीर्घकाळ संशोधन करून ‘ऑटोकास्ट’ ही ओतकामाची आज्ञावली सिद्ध केली.

फौंड्रीची जाहिरात मात्र ‘पदार्थविज्ञानाचा पदवीधर पाहिजे’ अशी कधी येत नाही. ती अभियंत्यासाठी असते. अशा ठिकाणी पदवीधराने हातात प्रमाणपत्र घेऊन जाण्यापेक्षा, त्याच कारखान्यातील एखाद्या फसलेल्या वस्तूचे गणित करून ते घेऊन जाणे अधिक फलदायी ठरते. कारखानदार हा व्यवहारी माणूस असतो. भंगार कमी होणार असेल, तर तो पदवीची अक्षरे मोजीत बसत नाही.

बेळगावहून निपाणीकडे येताना महामार्गावर हत्तरगी लागते. तेथे ‘एकस’ या कंपनीचे विमानाचे सुटे भाग बनविण्याचे विशेष आर्थिक क्षेत्र आहे. संगणकाच्या आज्ञेवर चालणारी कातकामाची यंत्रे तेथे अ‍ॅल्युमिनियम आणि इतर धातू कापतात. अ‍ॅल्युमिनियमचा एक मीटर लांबीचा भाग दहा अंशांनी तापला, तर सुमारे ०.२३ मिलिमीटरने लांबतो; विमानाच्या कामात सैलसरपणा मिलिमीटरच्या शतांशांत मोजतात. तापमान आणि प्रसरण यांचा हा संबंध शाळेतच शिकविला जातो, परंतु तो यंत्राच्या आज्ञावलीत उतरवावयास दोन्ही भाषा जाणणारा माणूस लागतो. हा महामार्ग पुणे आणि बेंगळूर या संगणक-व्यवसायाच्या दोन राजधान्यांना जोडतो. तो मुलांना बाहेर घेऊन जातो असे म्हणतात, ते खरेच आहे. पण त्याच्या दोन्ही अंगांसही काही कामे उभी राहिली आहेत.

याच रीतीचा फार मोठा विस्तार पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत पाहावयास मिळतो. तेथे धातूच्या जागी हवा आहे आणि वस्तूच्या जागी सारी पृथ्वी. सप्टेंबर २०२४ मध्ये त्या संस्थेत ‘अर्क’ हा महासंगणक राष्ट्रार्पण करण्यात आला; त्याची शक्ती ११.७७ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदास ११,७७० लाख कोटी गणिते, इतकी आहे. मे २०२५ मध्ये या यंत्रावर चालणारी ‘भारत अंदाज प्रणाली’ सुरू झाली आणि अंदाजाचे चौकोन १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आले. बारा किलोमीटरच्या एका चौकोनात निपाणी आणि भोवतालची कितीतरी खेडी एकत्र कोंबली जात. त्या साऱ्यांच्या डोक्यावर एकच पाऊस पडतो असे मानावे लागे. तंबाखूचे पीक उभे असताना अवकाळी सर आपल्या शिवारात येणार की पलीकडच्या, हे शेतकऱ्यास किती मोलाचे आहे, ते येथे सांगावयास नको. चौकोनाची बाजू निम्मी केली की ढोबळ मानाने काम आठपट होते, म्हणूनच ते महासंगणक आणि म्हणूनच ते आज्ञावलीकार. अशा कामात अजूनही १९५७ साली आलेली फोर्ट्रान ही भाषा नांदते. बाजारात तिची जाहिरात कोणी करीत नाही, एवढेच.

गुरुत्वीय लहरींचा शोध हे याहून विलक्षण उदाहरण. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो उपकरणांनी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेली लहर टिपली. ते सुमारे ३६ आणि २९ सूर्यांच्या वजनाचे होते; लहर तेथून निघाली ती सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी, आणि उपकरणात ती जेमतेम ०.२ सेकंद उमटली. भोवतीच्या गोंगाटात ती ओळखावी कशी? आठवडी बाजाराच्या कोलाहलातही लेकराला आईची हाक ओळखू येते, कारण तो आवाज त्याच्या कानात आधीच बसलेला असतो. त्याचप्रमाणे लहर कशी असेल, हे आधी गणिताने काढून ठेवावयाचे आणि तो नमुना नोंदीवर सरकवीत कोठे जुळतो ते पाहावयाचे. हे नमुने किती आणि कसे निवडावे, याविषयी पुण्याच्या आयुका संस्थेतील संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्येच, लहर सापडण्यापूर्वी चोवीस वर्षे, पायाभूत काम केले होते. आता भारताची स्वतःची लायगो वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हावयाची आहे; केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिच्या उभारणीस मंजुरी दिली. तिला लागणारी माणसे आज कोठल्या तरी महाविद्यालयात बी. एस्सी.च्या वर्गात बसलेली असणार.

रुग्णालयांची गोष्ट थोडक्यात. जानेवारी २०२५ मध्ये बेळगावात केएलई संस्थेच्या कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन झाले. किरणोपचारात गाठीवर किती मात्रा पडेल आणि भोवतीच्या निरोगी भागाचे कसे रक्षण होईल, हे संगणकावर ठरवितात, आणि ते ठरविण्याची जबाबदारी वैद्यकीय पदार्थवैज्ञानिकाची असते. त्यासाठी एम. एस्सी.नंतर भाभा अणुसंशोधन केंद्राची किरणोत्सर्ग-भौतिकीची पदविका हा मान्य मार्ग आहे. पैशाच्या पेढ्यांतही पदार्थविज्ञानाच्या लोकांना मागणी असते, हे ऐकून काहींना नवल वाटते. १९७३ मध्ये ज्यांच्या नावाने भांडवलबाजारातील एक प्रसिद्ध समीकरण रूढ झाले, त्यांपैकी फिशर ब्लॅक हे हार्वर्डचे पदार्थविज्ञानाचे पदवीधर. आणि ते समीकरण थोडे रूप पालटले, की उद्यमबागेतील थिजत्या धातूचेच उष्णतावहनाचे समीकरण होते.

आता दरवाजांकडे वळावे, कारण येथेच पुष्कळांची फसगत होते. नुसत्या बी. एस्सी.वरही काही संगणक-कंपन्या घेतात. विप्रोसारख्या कंपनीने विज्ञान पदवीधरांस नोकरी करता करता एम. टेक. करू देण्याची योजना चालविली आहे. घरची ओढाताण असेल, तर हा मार्ग वाईट नाही. मात्र तेथे पदार्थविज्ञान मागे पडते, हे आधी समजून असावे. एम. सी. ए. हा आता दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि गणित झालेल्या विज्ञान पदवीधरास तो खुला असतो. बेळगावचेच विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ ती पदवी देते. ‘गेट’ परीक्षेस विज्ञान पदवीधर बसू शकतात. तिच्यात पदार्थविज्ञान आणि संगणकशास्त्र या पत्रिका आहेतच, २०२४ पासून विदाविज्ञान व कृत्रिम बुद्धिमत्ता हीही पत्रिका सुरू झाली. पुणे विद्यापीठाने वैज्ञानिक संगणनाचा आणि प्रतिमानांचा स्वतंत्र विभाग चालविला आहे. पदार्थविज्ञान न सोडता आज्ञावली शिकू इच्छिणाऱ्याने तो नजरेआड करू नये. ज्याला विषयाची खरी ओढ आहे, त्याने ‘जॅम’ परीक्षा देऊन एखाद्या आय. आय. टी.त एम. एस्सी. करावी आणि तेथे संगणकीय पदार्थविज्ञानाचा विषय घ्यावा, हा सर्वांत भक्कम मार्ग दिसतो. तो सर्वांत लांबचाही आहे, आणि दोन वर्षे पगाराविना काढणे प्रत्येक घरास परवडते असे नाही. नोकरीची हमी देणाऱ्या वर्गांविषयी एवढेच म्हणावे, की फी भरण्यापूर्वी तेथून शिकून गेलेल्या चार मुलांना गाठून विचारावे. ती चार मुले सापडलीच नाहीत, तर तेच उत्तर समजावे.

सीमाभागातील विद्यार्थ्यास आणखी एक गाठ सोडवावी लागते. निपाणीचे म्हणून ओळखले जाणारे देवचंद महाविद्यालय अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्राच्या कागल तालुक्यात उभे आहे आणि ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठास संलग्न आहे; गावातील केएलई संस्थेचे बागेवाडी महाविद्यालय राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कक्षेत येते. एकाच गल्लीतील दोन मुले अशी दोन राज्यांची पदवी घेतात. कर्नाटकाने २०२४ मध्ये चार वर्षांची पदवी मागे घेऊन पुन्हा तीन वर्षांची केली. महाराष्ट्रात चौथ्या वर्षाचा पर्याय आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या प्रवेश-परीक्षाही निरनिराळ्या, आणि राज्यात किती वर्षे शिक्षण झाले याचे नियमही निरनिराळे. सीमावाद सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून आहे. विद्यार्थ्याचे वर्ष तसे थांबत नाही. तथापि महाराष्ट्राच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशनियमांत वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी स्वतंत्र वर्ग ठेवलेला आहे. सीमाभागात राहून तेथल्याच शाळेतून दहावी किंवा बारावी झालेल्यास त्याचा लाभ घेता येतो. पुष्कळांना ही तरतूद प्रवेशाची मुदत उलटल्यावर कळते.

मराठी माध्यमाची भीतीही अवास्तव आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्या गणित केंद्रात डाइक्स्ट्रा काम करीत असे, त्याच संस्थेत पुढे गिडो व्हान रॉसम यांनी ‘पायथन’ ही भाषा निर्माण केली आणि १९९१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आज पदार्थविज्ञानात तीच सर्वाधिक चालते. तिचे राखीव शब्द अवघे ३५ आहेत. बाकी जे इंग्रजी लागते, ते चौकशीच्या पत्रास आणि मुलाखतीस लागते, आणि ते सरावाने येते.

आज्ञावली आता यंत्रेच लिहू लागली आहेत, मग माणसास काय काम उरणार, अशी शंका हल्ली विचारली जाते. ती शंका खोटी नाही. सामान्य प्रतीच्या आज्ञावली यंत्र झपाट्याने लिहिते, आणि केवळ तेवढ्यावर पोट भरणाऱ्यांची चिंता रास्त आहे. योगायोग असा, की या यंत्रांमागील मज्जाजालांच्या कल्पनेबद्दल २०२४ चे नोबेल पारितोषिक जॉन हॉपफील्ड आणि जेफ्री हिंटन यांना मिळाले ते पदार्थविज्ञानाचे. परंतु यंत्राने लिहून दिलेल्या आज्ञावलीत थिजणारा धातू खोलीतल्या हवेहून थंड झाला, तर ते अशक्य आहे हे कोणी तरी ओळखावे लागते. परिमाणे जुळतात काय, ऊर्जेचा हिशेब लागतो काय, टोकाच्या स्थितीत उत्तर शहाण्यासारखे येते काय, हे प्रश्न विचारण्याची सवय पदार्थविज्ञानाच्या प्रात्यक्षिक वहीतच लागते. ती वही नीट लिहिलेल्या विद्यार्थ्याची किंमत यंत्रामुळे घटण्याचे कारण दिसत नाही.

तयारीस पैसा लागत नाही. लायगोने २०१५ च्या त्या लहरीची नोंद सर्वांस मोफत खुली केली आहे. साध्या संगणकावर ती उतरवून घेऊन, गोंगाट गाळून, पस्तीसपासून अडीचशे आवर्तनांपर्यंत चढत जाणारा तो सूर शोधून काढणे हे बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यास दिवाळीच्या सुट्टीत साधण्याजोगे काम आहे. तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी ओतकामाचे ठोकळे मांडू शकतो. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती मागताना अशी दोन पुरी केलेली कामे जोडली, तर अर्जास वजन येते.

मात्र वेळेचा हिशेब चुकवू नये. ‘गेट’ आणि ‘जॅम’ या परीक्षा फेब्रुवारीच्या सुमारास होतात आणि ‘जॅम’चे अर्ज आधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात भरावे लागतात, म्हणजे निकालानंतर घरोघर जो प्रश्न निघतो, तो तिसऱ्या वर्षाच्या गणेशोत्सवात निघावयास हवा. सीमाभागाच्या वर्गातून अर्ज करावयाचा असेल, तर रहिवासाचे आणि मातृभाषेचे दाखले त्याआधीच काढून ठेवावेत, कारण दोन राज्यांच्या कचेऱ्यांत हेलपाटे घालण्यास लागणारा वेळ कोठल्याही आज्ञावलीने कमी होत नाही.